विमानाला पाय निवडताना

ते गृहस्थ आमच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला पोलादाचा एक लांब पाटा होता. ट्रकच्या चाकावर असतो तसा, पण जास्त रुंद, मधे वाकवलेला आणि घासून चकचकीत केलेला. मी धुळ्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. धातूची परीक्षा घेणारी यंत्रं माझ्या ताब्यात आहेत, म्हणून आसपासची माणसं माझ्याकडे काहीबाही घेऊन येतात. कोणी पंपाचा दांडा आणतो, कोणी तुटलेला फाळ. या गृहस्थांनी पाटा टेबलावर ठेवला आणि धोतराच्या सोग्याने घाम पुसला.

"याचा कडकपणा मोजून पाहिजे. टोकाला, मधे, आणि वाकवला तिथे."

"कशाचा आहे हा?"

"पाय आहे."

"कशाचा पाय?"

"विमानाचा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते शांतपणे खिशातून चष्मा काढून पुसत होते. मी पाटा यंत्राखाली धरला. आकडे आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की वाकवलेल्या जागीही पोलादाचा कस गेलेला नाही. पोलाद तापवून वाकवलं की तिथे ते मऊ तरी पडतं, नाहीतर ठिसूळ. इथे तसं काहीच नव्हतं. तापल्या पोलादाला पाणी कसं दिलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाणी नाही, तेल. आणि घाई नाही. जळगावजवळ असोद्याला या, सगळं दाखवतो. केळी पण खाल."

त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. मीही तेच म्हणू लागलो.

मी शिंदखेड्याचा. वडील दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवायचे. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. दहावीपर्यंत मराठीत शिकलो, मग इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. शेवटच्या वर्षाला विमानांच्या रचनेवर एक विषय होता. त्यात विमानाच्या चाकांवर अख्खा धडा होता आणि त्यात मला चांगले गुण मिळाले होते. पण मी विमानाच्या चाकाला कधी हात लावला नव्हता. लहानपणी शिकाऊ विमानं आमच्या गावावरून जायची, तेवढीच ओळख. म्हणून पुढच्या रविवारी धुळ्याहून निघालेल्या बसमध्ये बसलो तेव्हा मी परीक्षेला निघाल्यासारखा अवघडलो होतो. एरंडोल गेल्यावर दोन्ही बाजूंना केळी दिसायला लागली आणि मी उगाचच मनातल्या मनात सूत्रं आठवत बसलो.

नानांनी वायुदलात विमानांच्या सांगाड्याची दुरुस्ती करण्यात नोकरी घालवली होती. निवृत्त होऊन गावी आले, वडिलांची केळीची बाग सांभाळू लागले, आणि ज्या पत्र्याच्या शेडमध्ये केळीचे घड धुऊन कॅरेटमध्ये भरतात तिथेच त्यांनी दोन माणसांचं छोटं विमान बांधायला घेतलं. मी गेलो तेव्हा धड झालं होतं, पंख भिंतीला टेकवून ठेवले होते. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर रिव्हेटांच्या रांगा अशा होत्या की मी नकळत बोट फिरवत राहिलो. कुठेही बोट अडखळलं नाही.

"काय मास्तर, रांगोळी पाहून राहिले का?" नाना म्हणाले. ते मला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणायचे, आणि त्यात थोडी चेष्टा असायची.

विमान उभं राहिल्यावर त्यात पहिल्यांदा बसणार होती त्यांची मुलगी. ती धुळ्याजवळ विमान चालवायला शिकली होती, परवाना काढला होता आणि नोकरीसाठी अर्ज करत होती. नानांनी आयुष्यभर विमानं नीट केली, चालवली कधीच नाहीत. त्यामुळे पाय निवडायचे म्हणजे काय, ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

"वर जाणं इंजिनाचं काम आहे. खाली येणं पायांचं. आणि खाली येणार आहे ती माही पोरगी. तुम्ही गणित करा, पण हे ध्यानात ठेवून करा."

त्या शेडमध्ये एक नियम होता. ज्या भागाबद्दल बोलायचं, त्यावर हात ठेवून बोलायचं. लांबून बोट दाखवायचं नाही. मी दाराशी उभा राहून पंखाबद्दल काहीतरी विचारलं तर नानांनी उत्तरच दिलं नाही. त्यांची मुलगी हसून म्हणाली, "सर, आधी तिथे जाऊन हात ठेवा. नाहीतर नाना बहिरे होतात." नोकरीत त्यांच्या उस्तादाने ही सवय लावली होती. लांबून बोलणारा माणूस एका नटाबद्दल बोलत असतो आणि ऐकणारा दुसराच नट ढिला करतो, असं नाना म्हणायचे. मला आधी गंमत वाटली. आता मी माझ्या वर्गातही हाच नियम लावला आहे आणि मुलं माझीही नक्कल करतात.

चाकांच्या बाबतीत तीन वाटा होत्या. पहिली, उडाल्यावर पाय पोटात घेणारी. तिचा निकाल नानांनी चहाच्या कपासोबत लावला.

"नाना, आपलं विमान पाय पोटात घेणारं करू या. ऐटदार दिसेल."

"आणि बाहेर काढायला विसरली तर?"

"मी कशाला विसरेन?"

"घरातून निघताना मोबाइल कोण विसरतं?"

ती वाट तिथेच संपली. उरल्या दोन. एक अशी की पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक बारकं चाक. जमिनीवर असं विमान नाक वर करून उभं राहतं. दुसरी अशी की दोन मोठी चाकं थोडी मागे आणि तिसरं चाक नाकाखाली. असं विमान आडवं, सपाट उभं राहतं. आजची बहुतेक शिकाऊ विमानं अशीच असतात आणि नानांची मुलगी त्यांच्यावरच शिकली होती.

नानांचं मन शेपटीच्या चाकावर होतं. नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या तळावर एक जुनं विमान शोभेसाठी ठेवलेलं होतं, शेपटीच्या चाकाचं. "चारा खाता खाता बैलानं आवाज ऐकून मान वर करावी, तसं उभं होतं," ते सांगायचे. घरापासून लांब आलेल्या, गावाच्या आठवणीने कावलेल्या त्या वयात ते रोज त्याच्याजवळून जायचे. आपण कधी विमान केलं तर ते असं मान वर करून उभं राहील, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. त्याला त्यांची कारणंही पक्की होती. नाकाखालचा पाय शेतातल्या खडबडीत जमिनीत पहिल्यांदा मोडतो. शेपटीचं चाक हलकं असतं. नाकावरचा फिरता पंखा जमिनीपासून उंच राहतो, त्याला खडे लागत नाहीत. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. माझ्या पुस्तकातही हेच होतं. मी बेरीज-वजाबाकी करून दिली आणि त्यांनी त्यांचे दोन पोलादी पाय पुढे बसवले. पोटाच्या पत्र्याला आतून जाड पट्ट्या दिल्या. ते काम त्यांनी एकट्याने, गुडघ्यांवर बसून केलं.

पाय किती सोसतील हे पाहायला आम्ही विमान पाडलं. म्हणजे शेडच्या तुळईला साखळीने टांगलं, गुडघाभर उचललं आणि सोडलं. आत दोन माणसांचं वजन हवं होतं. वाळूची पोती फुटून वाळू आत सांडेल म्हणून नानांनी दोन्ही जागांवर केळीची कॅरेटं रचली. साखळी सोडली. विमान खाली आलं, पाय दोन्हीकडे फाकले, पुन्हा जागेवर आले आणि सगळं धड एकदा उसळून शांत झालं. मी खाली वाकून पाट्यांची जागा मोजली. केसभरही फरक नव्हता. त्या क्षणी मला टाळी वाजवावीशी वाटली, पण कोणीच वाजवत नव्हतं म्हणून मीही गप्प राहिलो.

नानांच्या पत्नी, म्हणजे अक्का, दारात उभ्या होत्या. त्यांनी विमानाकडे पाहिलंच नाही. त्या कॅरेटांकडे गेल्या.

"पाय धड राहिले, आन् माह्या केळींचा लगदा झाला. व्यापारी काय घेईल हे?"

"लगद्याची शिकरण करा," नाना म्हणाले. "मास्तर आले हायेत."

"मास्तर एवढी खातील? दहा वेळा पाडलं तुम्ही."

त्या दिवशी आणि पुढचे कितीतरी दिवस शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला शिकरण मिळाली.

मी घरी शिंदखेड्याला गेलो की आई चौकशी करायची. तिला अहिराणीशिवाय दुसरं बोलायला आवडत नाही. एकदा म्हणाली, "बठ्ठं इमान तयार शे, आनि पायच बाकी शेत? मानुसले ते पहिले पायच फुटतस." सगळं विमान झालं नि पायच बाकी, माणसाला तर आधी पायच फुटतात, हे तिचं म्हणणं मी नानांना सांगितलं. ते खूप हसले आणि म्हणाले, "तुमच्या आईला घेऊन या एकदा. इंजिनीअर त्या आहेत."

धावायला नानांनी बागेच्या पश्चिम कडेला पट्टी केली होती. उडायची परवानगी अजून यायची होती, त्यासाठी विमान ट्रकवर घालून खऱ्या धावपट्टीवर न्यावं लागणार होतं. पण आपल्या शेतात धावायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं. केळीच्या कडेच्या काही ओळी काढल्या, काळ्या मातीच्या भेगा बुजवल्या, मुरूम पसरला आणि रोलर फिरवला. पट्टीच्या पश्चिमेला शेवरीची उंच दाट रांग होती.

आमच्याकडे केळीच्या बागेला वारा लागू नये म्हणून कडेने शेवरी लावतात. वैशाखातला वारा केळीची पानं चिरतो, घड लागलेली झाडं आडवी करतो. म्हणून शेवरी दाट ठेवायची, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. नानांच्या वडिलांनी लावलेली रांग नानांनी जपून वाढवली होती. तिच्यात एकच फट होती, ट्रॅक्टर आत-बाहेर करायला ठेवलेली. पट्टीवर उभं राहिलं की बाहेर वारा घोंघावत असला तरी आत पान हलत नसे. "माह्या पट्टीवर वारा नाही," नाना अभिमानाने सांगायचे. आणि ते खरं वाटायचं. शिवाय आमच्या सगळ्या धावा सकाळच्या होत्या, केळीला पाणी लावून झाल्यावर आणि ऊन चढायच्या आधी. शेतातली महत्त्वाची कामं सकाळीच होतात, म्हणून विमानाचंही काम सकाळी. त्या वेळी बाहेरही वारा नसतो, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही.

मुलीच्या मनात मात्र आलं होतं. ती विमानाच्या पायावर हात ठेवून म्हणाली, "नाना, पाय मजबूत आहेत. माझी शंका वाऱ्याची आहे."

"मंग वाऱ्यावर हात ठेवून बोल."

"वाऱ्यावर कसा ठेवणार?"

"तर मंग दाखव."

पुढच्या रविवारी सकाळी तिने विमानाला हातच लावला नाही. जेवण झालं, अक्का आत झोपल्या, आणि ऊन कलायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "आता काढू या बाहेर."

बाहेर पश्चिमेचा गरम वारा होता. शेवरीचे शेंडे वाकत होते. पट्टीवर मात्र नेहमीसारखं शांत. मी दक्षिणेच्या टोकाला उभा होतो, नाना मधे. तिने इंजिन चालू केलं, विमान नाक वर करून थरथरत उभं राहिलं, आणि मला कबूल केलं पाहिजे की ते फार सुंदर दिसत होतं. ते धावायला लागलं. वेग वाढला तशी शेपटी जमिनीवरून उचलली गेली, धड आडवं झालं. अगदी नानांनी ठरवल्यासारखं. मग ते फटीसमोर आलं. नाक पुढे गेलं, आणि शेपटी फटीसमोर असताना बाहेरचा वारा तिच्यावर आदळला. कोणीतरी शेपटी धरून बाजूला फेकावी तसं विमान गरकन डावीकडे फिरलं आणि शेवरीत घुसलं.

इंजिन बंद झालं. आम्ही दोघं धावलो. मुलगी काच उघडून बसली होती, तिच्या केसांत शेवरीची पानं होती. पंखाच्या टोकाला पोचा आला होता, बाकी काही नाही. नाना आधी तिच्याजवळ गेले, तिच्या खांद्याला, हाताला चाचपून पाहिलं. मग मात्र त्यांचा आवाज चढला.

"पाय कुठे होते तुहे? उजवा पाय मारायला पाहिजे होता पेडलवर, सरळ झालं असतं."

"मारला होता नाना."

"उशिरा मारला."

"मग तुम्ही बसा शेजारी. दुसऱ्या बाजूलाही पेडल आहेत, माझ्या पेडलना जोडलेले. माझ्या पायांवर तुमचे पाय राहतील असं समजा आणि बघा उशीर होतो का."

तिचा स्वर चिडका नव्हता. विमान ओढून बाहेर काढलं, सगळे नट तपासले, आणि नाना तिच्या शेजारी बसले. त्यांनी आपली टोपी माझ्याकडे दिली. अक्का आवाजाने जाग्या होऊन आल्या होत्या. "म्हातारा आन् पोर दोघंही शेवरीत जातील," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले, तुम्ही तरी सांगा." या वेळी मुलीने वेग कमी ठेवला होता. फटीजवळ विमान पुन्हा झटका घेऊन फिरलं, पण ती तयार होती. तिने ते पट्टीवर थांबवलं, वाकडंतिकडं, पण पट्टीवर.

नाना उतरले आणि विमानाच्या शेपटीवर हात ठेवून उभे राहिले. मग मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या पुस्तकात हे काहाले होतं म्हणून लिहिलंय?"

पुस्तकात कारण होतं. पण मला ते त्या क्षणी पुस्तकातून आठवलं नाही, वडिलांच्या ट्रॅक्टरवरून आठवलं. मी जाऊन विमानाच्या पायावर हात ठेवला.

"नाना, ट्रॅक्टर पुढे जातो तेव्हा ट्रॉली आपोआप मागे सरळ येते. रिव्हर्स घेतला की?"

"तिरपी जाते."

"आणि एकदा तिरपी झाली की?"

"आणखी तिरपी होते. तिचं डोकं फिरतं."

"आपली चाकं वजनाच्या पुढे आहेत. विमानाचं सगळं वजन चाकांच्या मागे आहे. म्हणजे आपण कायम ट्रॉली रिव्हर्समध्ये घेतोय. वारा नसेल तर जमतं. चांगला चालवणारा वाऱ्यातही सांभाळतो. पण वजन चाकांच्या पुढे आणलं, म्हणजे चाकं मागे नेली आणि नाकाखाली तिसरं लावलं, तर झटका बसला तरी विमान स्वतःहून सरळ होतं."

"रिव्हर्स तर मी बारा गावांत घेतलाय," नाना म्हणाले. पण ते हळू बोलत होते.

मुलगी म्हणाली, "नाना, तुम्हाला शेपटीचंच चाक ठेवायचं असेल तर मी शिकेन. शिकवणारे आहेत. मला भीती नाही."

"मंग फट बुजवून टाकतो. ट्रॅक्टर लांबून आणू."

"इथली बुजवाल. पण पुढे मी जिथे उतरेन, तिथे शेवरी कोण लावेल?"

अक्का हसल्या. नानाही थोडे हसले, आणि टोपी मागायला त्यांनी माझ्याकडे हात केला. त्या संध्याकाळी त्यांनी दुसरं काही ठरवलं नाही. मी शेवटच्या बसने धुळ्याला परतलो. वाटेत मला त्यांचे रिव्हेट आठवत होते. पाय मागे न्यायचे म्हणजे पोटाचा पत्रा कापायचा. ज्या रांगेवरून माझं बोट न अडखळता फिरलं होतं तीच रांग.

पुढच्या रविवारी मी शेडमध्ये शिरलो तेव्हा विमान उंच टांगलेलं होतं. नाना पोटाखाली उभे होते. त्यांनी तळहात पत्र्यावर सपाट ठेवला होता, आणि ते मला, मुलीला आणि अक्कांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"मी शेपटीचं चाक धरून बसलो ते मला आवडायचं म्हणून. कारणं खरी होती, पण ती मी नंतर गोळा केली. हे विमान माह्यासाठी नाही. इथून कापायचं. पाय तेच राहतील, ते चांगले आहेत. मागे जातील. नाकाचा पाय नवा करू, जाड करू, खडबडीत जमीन सोसेल असा."

आणि त्यांनी पत्रा कापायची कातर उचलली.

मी बऱ्याच मोठ्या माणसांची भाषणं ऐकली आहेत. कॉलेजात ती वरचेवर होतात. पण आपल्या आयुष्यभराच्या आवडीवर हात ठेवून तिला बाजूला सारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर त्रागा नव्हता. उलट कापताना ते मुलीला चिडवत होते. "तुले पायावर उभं करायला दोन वर्षं लागली होती. हे विमान त्याहून हट्टी आहे." ती म्हणाली, "मग माझ्यावर गेलंय म्हणा."

नाकाच्या पायाची नळी किती जाड असावी, रबर किती मऊ असावं, चाक वळायला किती मोकळं असावं, यात पुढचे कित्येक महिने गेले. माझं गणित तीनदा चुकलं आणि तीनदा त्यांनी मला चहा पाजून पुन्हा करायला लावलं. त्यांचा एक जोड दोनदा फुटला आणि मी यंत्राखाली धरून कारण शोधून दिलं. पुन्हा विमान टांगलं, पुन्हा पाडलं. या वेळी अक्कांनी केळी दिली नाहीत. त्यांनी भिजवलेल्या मातीच्या गोण्या आणून ठेवल्या आणि म्हणाल्या, "आता पाडा किती पाडायचं ते."

सुटलेलं शेपटीचं चाक नानांनी टाकलं नाही. शेवरीच्या फटीत त्यांनी पत्र्याचं फाटक बसवलं. ट्रॅक्टर गेला की बंद करायचं. फाटक जड होतं, मोकळं टोक जमिनीला टेकायचं, म्हणून त्याखाली ते चाक लावलं. ते चाक आता मुरमावर अर्धवर्तुळ काढत फिरतं. पाहुण्यांना ते ओळखू येत नाही. नाना सांगतही नाहीत.

नव्या पायांवर विमान पहिल्यांदा बाहेर काढलं ते या वैशाखात, ऊन कलल्यावर, मुद्दाम. माझी आई त्या दिवशी माझ्याबरोबर आली होती. ती आणि अक्का एकमेकींची बोली अर्धी समजत, अर्धी हसण्यावर नेत बांधावर बसल्या. विमान आता नाक वर करून उभं नव्हतं. आडवं, सपाट, गरीब गायीसारखं. मी नानांकडे चोरून पाहिलं. ते चाकात हवा बघत होते.

मुलगी आत बसली. तिने पट्टा बांधला आणि काच लावायच्या आधी ओरडून सांगितलं, "नाना, फाटक उघडा."

"बंद आहे तेच बरं. पहिल्यांदा बंदच राहू दे."

"उघडा. त्याशिवाय कळणार नाही."

नाना जागेवर उभे राहिले. मला वाटलं, ते नाही म्हणतील. शेवरीचे शेंडे मागच्या वर्षीसारखेच वाकत होते. मग ते चालत फटीपर्यंत गेले, कडी काढली आणि फाटक ओढलं. जुनं चाक खरखरत फिरलं. वारा आत आला, त्यांचं धोतर फडफडलं. त्यांनी फाटक पाठीने रेटून धरलं आणि मला हाताने बाजूला बोलावलं. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. आम्ही दोघं अगदी त्याच फटीत होतो जिच्यासमोर विमान फिरलं होतं.

इंजिनाचा आवाज वाढला. ते धावत आलं, पहिल्या वेळेइतक्याच वेगाने. आमच्यासमोर येताना वाऱ्याचा झोत त्याच्या शेपटीवर आदळला. नानांची टोपी उडाली. विमानाने एकदा अंग चोरल्यासारखं केलं, नाक आमच्या बाजूला जेमतेम वळलं, आणि मग ते आपणहून सरळ झालं. पुढे गेलं. पट्टीच्या टोकापर्यंत गेलं.

नाना टोपी आणायला गेले नाहीत. ते फाटक धरूनच उभे होते.

"काय मास्तर," त्यांनी विचारलं, "सरळ गेलं का?"

"गेलं नाना."

"हात ठेवून बोला."

मी गोंधळून आजूबाजूला पाहिलं. विमान तर टोकाला होतं, वळत होतं. मग मला मुरमावर उमटलेल्या तीन रेघा दिसल्या. फटीसमोर त्यांना एक लहानसं वळण होतं, आणि पुढे त्या केळीच्या ओळींसारख्या सरळ गेल्या होत्या. मी खाली बसलो आणि मधल्या, नाकाच्या चाकाच्या रेघेवर हात ठेवला. मुरूम उन्हाने तापलेला होता.

"सरळ गेलं," मी म्हणालो.

पलीकडच्या टोकाहून नानांची मुलगी परत येत होती, आणि त्यांनी फाटक तिच्यासाठी तसंच उघडं धरून ठेवलं होतं.